बाली : पर्यटनाची समृद्धी आणि भातखाचरांचे भवितव्य

इंडोनेशियातील बाली बेटाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ४३ लाख आहे. २०१९ या एका वर्षात तेथे आलेल्या परदेशी प्रवाशांची संख्या मात्र ६० लाखांहून अधिक होती. पर्यटनामुळे बेटावर रोजगार, रस्ते व शिक्षणाच्या सोयी वाढल्या, हे निर्विवाद होय. परंतु हिरवी भातखाचरे आणि मंदिरोत्सव पाहण्यासाठी प्रवासी येतात, त्यांचाच आधार या भरभराटीने क्षीण होत चालला आहे.

बालीतील भातशेती ‘सुबाक’ नावाच्या पाणीवाटप संस्थांवर उभी आहे. एका पाटावर भिजणाऱ्या जमिनीचे सर्व शेतकरी एका सुबाकचे सभासद असतात. पाटांची दुरुस्ती, पाण्याच्या पाळ्या आणि लावणीच्या तारखा ते सभेत एकत्र बसून ठरवितात. खानदेशातील पांझरा व मोसम नद्यांवरील फड पद्धतीची येथे सहज आठवण व्हावी. बालीत या व्यवस्थेला पूजेचीही जोड आहे. पाटाच्या मुखाशी देवस्थान असते आणि शेतीचे वेळापत्रक जलमंदिरांतील उत्सवांशी बांधलेले असते. देव, मनुष्य व निसर्ग यांच्यातील सुसंवाद सांगणारे ‘त्रि हित करण’ हे तत्त्व या संस्थेचा पाया मानले जाते. या परंपरेचा इतिहास नवव्या शतकापर्यंत मागे जातो. २०१२ साली युनेस्कोने तिच्या काही क्षेत्रांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

१९६९ साली बालीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. त्यानंतर तयार झालेल्या विकास आराखड्यात दूरदृष्टी नव्हती, असे म्हणता येणार नाही. मोठ्या हॉटेलांसाठी दक्षिणेकडील नुसा दुआ येथील कोरडी, नापीक जमीन निवडण्यात आली. इमारतींची उंची नारळाच्या झाडाइतकी, म्हणजे १५ मीटर, ठरविण्यात आली. १९७१ साली देनपसार येथील परिसंवादात नृत्यांचेही वर्गीकरण झाले. गर्भमंदिराच्या परिसरातील पवित्र नृत्ये कोणती आणि प्रेक्षकांसमोर करावयाची कोणती, हे त्यात निश्चित करण्यात आले.

नृत्यांसाठी अशी सीमारेषा आखली गेली. जमिनीची सीमा मात्र टिकली नाही. पर्यटन नुसा दुआपुरते मर्यादित न राहता कुटा, उबुद आणि तेथून आसपासच्या भातखाचरांत पसरले. शेजारी हॉटेल उभे राहिले की जमिनीचा बाजारभाव वाढतो आणि बाजारभावावर आकारला जाणारा करही वाढतो. भाताच्या उत्पन्नातून तो भरणे शेतकऱ्यास जड जाते व तो जमीन विकतो किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतो.

हानी एका शेतापुरती राहत नाही. मधले खाचर बुजले की पाट तुटतो व शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. सभासद घटले की पाटाच्या दुरुस्तीचा व उत्सवाच्या वर्गणीचा भार उरलेल्यांवर पडतो. अखेर जलमंदिर उभे राहते, पण ज्या शेतीसाठी तेथे पूजा व्हावयाची ती शेतीच उरत नाही. दक्षिण किनाऱ्यावर भूजलाच्या अतिउपशामुळे विहिरींत खारे पाणी शिरू लागले आहे, ही निराळीच चिंता.

ग्रामसंस्था या बाबतीत निष्क्रिय राहिल्या नाहीत. बेनोआ उपसागरात भराव घालण्याच्या योजनेस २०१३ पासून विरोध सुरू झाला. अनेक परंपरागत ग्रामसंस्थांनी आपल्या सभांत तसे ठराव केले. २०१९ साली हा उपसागर संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला. पुढे २०२० च्या महासाथीत विमाने थांबली, तेव्हा हॉटेलांतील कित्येक कामगार शेतीकडे व सागरी शेवाळाच्या लागवडीकडे परतले. केवळ पर्यटनावर विसंबण्यातील धोका त्यांनी प्रत्यक्ष अनुभवला. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी प्रवाशांवर दीड लाख रुपियांचे शुल्क बसविण्यात आले असून संस्कृती व पर्यावरणाचे रक्षण हा त्याचा हेतू आहे.

शुल्काच्या रकमेतून मंदिराची डागडुजी होऊ शकेल. बुजलेला पाट पुन्हा वाहता करणे मात्र त्याहून पुष्कळ कठीण आहे. म्हणूनच शेतजमीन बिगरशेती करण्याचा प्रस्ताव सभेपुढे येतो, तेव्हा त्या जमिनीच्या पाण्यावर आणखी कोणाची शेते अवलंबून आहेत, हा प्रश्न प्रथम विचारला जाणे आवश्यक आहे. बालीच्या अनुभवाचे सार हेच होय.