बीजगणित एका पेपरात, भूमिती दुसऱ्या पेपरात. मग छतावरचं पाणी कुठे मोजायचं?

नागपुरात वर्षाला साधारण 1,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात अनेक वस्त्यांमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. मग साधा प्रश्न असा: घराच्या छतावर पडणारं पाणी साठवलं, तर ते कुटुंबाला किती दिवस पुरेल?

उत्तर काढायला दहावीचं गणित पुरतं. अडचण एवढीच की ते दोन पुस्तकांत आणि दोन पेपरांत विभागलेलं आहे.

दहावीचं गणित कसं विभागलंय?

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे दोन पेपर असतात. भाग 1 मध्ये वर्गसमीकरणं, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. भाग 2 मध्ये समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. प्रत्येकी 40 गुण, शिवाय 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे.

परीक्षेसाठी ही विभागणी सोयीची आहे. पण रोजच्या आयुष्यातला प्रश्न 'मी भाग 1 चा आहे' असं सांगत येत नाही.

छतावरच्या पाण्याचं गणित

समजा, एका घराचा स्लॅब 10 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून पाऊस 1,000 मिलिमीटर, म्हणजे 1 मीटर धरू. 60 चौरस मीटर गुणिले 1 मीटर म्हणजे 60 घनमीटर, अर्थात 60,000 लिटर पाणी. त्यातलं 80 टक्केच हाती लागलं असं धरलं, तरी 48,000 लिटर उरतं.

शहरी भागासाठी पाण्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला 135 लिटर आहे. चौघांच्या कुटुंबाला 540 लिटर. म्हणजे हे पाणी जवळपास 89 दिवस पुरेल.

आता घराला स्लॅबऐवजी उतरतं टिनाचं छत असेल तर? उतारावर मोजलेली रुंदी 6 मीटर आणि उतार 30 अंशांचा आहे असं धरू. पाऊस वरून पडतो, त्यामुळे छताची तिरपी रुंदी उपयोगाची नाही. जमिनीवर पडणारी तिची सावली मोजावी लागते. इथे त्रिकोणमिती येते: 6 गुणिले कोसाइन 30 अंश, म्हणजे सुमारे 5.2 मीटर. छतावर पडणारं पाणी 60,000 वरून 52,000 लिटरवर येतं.

पाऊस चार महिन्यांत पडून जातो, त्यामुळे टाकी हवी. अंगण 6 बाय 5 मीटर आहे. चारही बाजूंनी सारखी जागा सोडून 12 चौरस मीटर तळाची टाकी बांधायची आहे. सोडायची जागा x मानली, तर (6 − 2x)(5 − 2x) = 12 हे समीकरण मिळतं. ते सोडवलं की x च्या दोन किमती येतात: 1 आणि 4.5.

अंगणच 5 मीटर रुंद असताना दोन्ही बाजूंना साडेचार मीटर कसे सोडणार? म्हणून 4.5 बाद. पुस्तकातल्या उदाहरणात 'ही किंमत अग्राह्य' असं मुलं सवयीने लिहितात. इथे ती का अग्राह्य आहे, हे डोळ्यांना दिसतं.

टाकी 2 मीटर खोल केली तर 24,000 लिटर पाणी मावेल. म्हणजे 44 दिवसांचं. पुढे सरासरीपेक्षा कमी पावसाचं वर्ष आलं तर काय, हा सांख्यिकीचा प्रश्न. बांधकामाच्या कोटेशनवर जीएसटी किती, हा अर्थनियोजनाचा.

या पद्धतीला काय म्हणतात?

आधी सूत्र, मग सोडवलेलं उदाहरण, मग सरावसंच, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. समस्याधारित पद्धतीत आधी प्रश्न येतो आणि तो सोडवताना सूत्राची गरज भासते. बीजगणित, भूमिती, सांख्यिकी वेगळी न ठेवता एकत्र शिकवली की ती एकात्मिक पद्धत.

ही कल्पना परदेशी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. त्यातलं एक उदाहरण असं: नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी बीळ आहे आणि 27 हातांवरून साप बिळाकडे येतो आहे. मोर आणि साप सारखंच अंतर कापतात, तर ते बिळापासून किती अंतरावर भेटतील? उत्तर 12 हात. ते काढायला पायथागोरसचं प्रमेय आणि समीकरण दोन्ही लागतात.

मग सगळीकडे असंच का शिकवत नाहीत?

कारण ते सोपं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने 2008 च्या सुमारास एकात्मिक गणित आणलं. शिक्षक आणि पालकांच्या नाराजीनंतर काही वर्षांतच जुन्या पद्धतीचा पर्याय पुन्हा खुला केला.

संशोधकांमध्येही वाद आहे. 2006 मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी एका गाजलेल्या लेखात म्हटलं की नवशिक्या मुलांना फारसं मार्गदर्शन न करता प्रश्नात सोडून दिलं, तर ती गोंधळतात. आधी सोडवलेली उदाहरणं दाखवणं जास्त उपयोगी ठरतं.

म्हणजे सराव टाळून चालत नाही. ज्याला अवयव पाडता येत नाहीत, तो टाकीचं समीकरण मांडूनही अडकेल. शिवाय भरलेला वर्ग, संपवायचा पोर्शन आणि मार्चमधली परीक्षा हे सगळं शिक्षकाच्या डोक्यावर असतंच.

आत्ता हा विषय का महत्त्वाचा?

2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद गाजली. दहावीला गणितात किंवा विज्ञानात 35 पेक्षा कमी, पण किमान 20 गुण असले तर अकरावीला जाता येईल; मात्र पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. नापासाचा शिक्का टळेल, हा तिचा फायदा. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षीच गणिताचा दरवाजा बंद होईल, हा धोका.

मुलांना गणितातून बाहेर पडायची वाट देताना, त्यांना ते नकोसं का झालं हेही विचारायला हवं. 'हे कशाला शिकायचं?' या प्रश्नाला 'परीक्षेत येतं म्हणून' एवढंच उत्तर मिळत असेल, तर दोष फक्त मुलांचा नाही.

शाळा काय करू शकते?

त्यासाठी पेपर बदलायची वाट पाहावी लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळेच्याच हातात आहेत. महिन्याला असा एक प्रश्न, दोन तासिका आणि चार-चार मुलांचे गट, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आधी सराव, मग प्रश्न आणि शेवटी शिक्षकांनी बांधलेली मोट, असा क्रम ठेवला तर गोंधळही कमी होतो.

पहिल्या प्रश्नासाठी पुस्तकही लागत नाही. मोजपट्टी घ्यायची आणि शाळेचं छत मोजायचं.