नव्या कोंबडीचा एकांतवास

चाकणच्या शनिवारच्या बाजारातून पाय बांधलेली गावठी कोंबडी महाळुंग्यात, कारखान्यांच्या कुंपणांलगत अद्याप शिल्लक राहिलेल्या एखाद्या परसात आणली जाते, आणि त्याच सायंकाळी तिला जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात लोटण्याचा जो प्रघात आहे, तोच माझ्या मते पुष्कळशा अनर्थाचे मूळ होय. बाजारात एका डालग्याखाली अनेक घरची पाखरे दाटीने बसलेली असतात. अंगात रोगाचा शिरकाव झालेला पक्षीही काही दिवस वरकरणी निरोगी भासतो. यास्तव निदान तीन आठवड्यांची, शक्य तर महिन्याची मुदत ठरवून तिचा मुक्काम वेगळा ठेवावा, भांडी निराळी असावीत, आणि दाणापाणी आधी जुन्यांना व मग नवीला द्यावे.

तपासणी दिवेलागणीनंतर करावी, कारण अंधारात कोंबडी स्वस्थ बसते. डोळे पाणावलेले आहेत काय, नाक वाहते काय, श्वासात घरघर आहे काय, हे प्रथम पाहावे. मग छातीच्या हाडावरून बोट फिरवावे, म्हणजे पिसाऱ्याने झाकलेला अशक्तपणा हाताला कळतो. (तुरा फिकट दिसला म्हणून लगेच घाबरू नये, खुडूक किंवा पिसे झडणाऱ्या कोंबडीचाही तुरा उतरतो.) गुदद्वाराजवळ पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके आढळल्यास त्या उवांच्या लिखा समजाव्या. रक्त पिणारे तांबडे सूक्ष्म कीटक मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत दडून रात्रीच अंगावर चढतात, म्हणून कोंबडीबरोबर खुराड्यावरही औषध फवारावे लागते. पायांचे खवले उचललेले व खडबडीत दिसल्यास पाय साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन खोबरेल वा व्हॅसलिन काही आठवडे चोळीत राहावे. खवल्यांखालचे किडे त्याने गुदमरतात. रक्तमिश्रित हगवणीवर पशुवैद्य अँप्रोलियम पाण्यातून देतात, परंतु खालचे अंथरूण कोरडे नसेल तर रोग पुन्हा उलटतो.

खरे भय मानमोडीचे. 1927 च्या सुमारास कुमाऊंतील राणीखेत येथे आढळल्यामुळे ती राणीखेत या नावानेही ओळखली जाते. हिरवट विष्ठा, तोंड वासून घेतलेला श्वास, लुळे पंख, पिरगळलेली मान ही तिची लक्षणे. एकदा जडल्यावर तिच्यावर उतारा नाही, आधी टोचलेली लस हाच बंदोबस्त. ही लस आपल्या जिल्ह्यातच, पुण्याच्या औंध येथील शासकीय संस्थेत तयार होते, आणि तरीही परसातल्या कोंबड्या लसीवाचून मरतात, याचे मला मनस्वी दुःख वाटते.

एकदम अनेक कोंबड्या दगावल्या, तर फेब्रुवारी 2006 मध्ये नवापुरात आलेला बर्ड फ्लू आठवावा, त्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ वर्दी द्यावी. आणि वाचकहो, उरलेल्या कोंबड्या घाईने पुढच्या शनिवारी चाकणला विकायला नेऊ नका.