मालाकारांची धारदार लेखणी

मराठीत उपरोधाचे शस्त्र परजून वादात उतरणाऱ्यांची नावे मोजू लागलो, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव आरंभीच घ्यावे लागते. २० मे १८५० रोजी पुण्यात जन्मलेले शास्त्रीबुवा १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. परंतु जानेवारी १८७४ पासून त्यांनी बहुतांशी एकहाती लिहिलेल्या ‘निबंधमाले’च्या ८४ अंकांनी मराठी गद्याला वादाचे बळ दिले. स्वतःस ‘मराठी भाषेचा शिवाजी’ म्हणवून घेण्याची ऐट त्यांनाच शोभली.

आम्हां शिक्षकांना त्यांचे आणखी एका कारणाने अगत्य वाटते. ते सरकारी शाळेत शिक्षक होते आणि ती चाकरी सांभाळूनच त्यांनी ‘माला’ चालविली. रत्नागिरीस बदली झाली, तरी लेखणी थांबली नाही. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १८८० मध्ये टिळक व नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा निबंध तर सरकारने पुढे १९१० मध्ये जप्त केला.

शास्त्रीबुवा सनातनाचे कैवारी होते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावयाचे, मग त्यातील विसंगती हसत हसत उलगडावयाची, ही त्यांची रीत. लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’चा समाचार त्यांनी असाच घेतला. मात्र जोतीराव फुल्यांवर लिहिताना या बुद्धीचा तोल सुटला. त्यांच्या व्याकरणाची थट्टा करण्यात शास्त्रीबुवा रमले आणि शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. थट्टेने टाळ्या मिळतात, उत्तर मिळत नाही. फुल्यांचा प्रश्न शास्त्रीबुवांच्या विनोदाहून दीर्घायुषी ठरला. शास्त्रीबुवांच्याच शाळेत व ‘केसरी’त वावरलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, हेही ध्यानात ठेवावे.

मग आज त्यांचे स्मरण कशासाठी? १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचे बोरगाव मध्य प्रदेशात राहिले. येथील घराघरांत मराठी आहे. परंतु ती स्वयंपाकघरात, लग्नपत्रिकेत आणि आरतीत. मुले वाद घालू लागली, की हिंदीकडे वळतात. ज्या भाषेत मतभेद मांडता येत नाही, ती भाषा देव्हाऱ्यातल्या टाकासारखी होते. पूजा होते, व्यवहार होत नाही.

म्हणून वाचकांस आमची एकच विनंती आहे. घरी ‘निबंधमाला’ आणावी आणि तिच्या शेजारी फुल्यांची १८७३ ची ‘गुलामगिरी’ही ठेवावी. रविवारी दोहोंतील एकेक उतारा वाचून मुलांना आपापली बाजू मराठीतून मांडू द्यावी. कोण जिंकले, हे वडीलधाऱ्यांनी ठरविण्याची घाई करू नये. वाद संपताना दोन्ही पक्ष एका पंगतीस जेवावयास बसले, म्हणजे झाले.