पाच पोझिशन, साडेतीन शतकं

बॅलेच्या पहिल्या तासाला शिकवल्या जाणाऱ्या पाच पोझिशन जगभर जवळपास सारख्याच असतात. त्यामुळे त्या एकदा ठरल्या आणि तशाच राहिल्या, अशी समजूत सहज होते. पण आकडा पाचचा राहिला तरी त्या पोझिशनमधलं शरीर मात्र पुष्कळ बदललं आहे. माझ्या मते या पोझिशन टिकल्या त्या दिसण्यामुळे नव्हे. अंगाचा भार दोन पायांवर कसा वाटायचा आणि तिथून पुढे कुठे निघायचं, याचा हिशेब त्यांनी पक्का केला म्हणून.

उगम अर्थातच दरबारी आहे. 1653 च्या एका दरबारी बॅलेत चौदावा लुई स्वतः सूर्य होऊन नाचला आणि 1661 मध्ये त्याने पॅरिसला नृत्याची शाही अकादमी काढली. पाच पोझिशन बांधल्याचं श्रेय त्याचे नृत्यशिक्षक पिएर बोशां यांना दिलं जातं. नृत्यशिक्षक रामो यांनी 1725 च्या आपल्या पुस्तकात तसं नोंदवलं आहे. मात्र खरा पुरावा 1700 मध्ये छापलेल्या फ्वीये यांच्या नृत्यलेखनाच्या ग्रंथात सापडतो. त्यात नर्तकाच्या वाटेची रेघ पानावर फिरते आणि तिच्या दोन्ही अंगांना पावलांच्या खुणा असतात. अशा लिपीत पाऊल कुठून उचललं आणि कुठे टेकलं हे कळायलाच हवं, आणि ते सांगायला पोझिशन उपयोगी पडतात. फ्वीये तर बोटं आत वळवलेल्या पाच ‘खोट्या’ पोझिशनही देतात. म्हणजे हा नुसत्या ऐटीचा मामला नव्हता. ‘हे सगळं राजाच्या शिष्टाचाराचं उरलेलं ओझं आहे’ हा आक्षेप म्हणूनच मला अर्धाच पटतो. ऐट दरबाराची होती खरी, पण दरबार गेल्यावरही हिशेब लागतच राहिला.

खरा बदल झाला तो पाय बाहेर वळवण्यात, म्हणजे टर्नआउटमध्ये. टाचांचे बूट घालणाऱ्या दरबारी नर्तकाचा टर्नआउट बेताचा असे. पुढे टाचा गेल्या, झगे आखूड झाले, उड्या वाढल्या. मिलानला 1820 मध्ये ब्लासिस यांचा नृत्यतंत्रावरचा ग्रंथ आला, 1832 मध्ये नर्तकी ताल्योनी ‘ला सिल्फीद’मध्ये चवड्यांच्या टोकावर उभी राहिली. पाय बाजूला उंच न्यायचा तर मांडी खुब्यातून वळलेली बरी पडते, म्हणून टर्नआउट वाढत 180 अंशांचा आदर्श झाला. इथे दुसरा आक्षेप येतो, गुडघ्यांचा, आणि तो रास्त आहे. नवशिका पहिल्या पोझिशनमध्ये टाचा जुळवतो, पावलं जमिनीच्या घर्षणावर रेटून एका रेषेत आणतो आणि प्लिए करायला, म्हणजे गुडघे वाकवायला जातो. गुडघे बोटांच्या वर न येता पुढे झुकतात, पावलाची कमान आत कोसळते. दोष पोझिशनचा नाही, आदर्श कोन उसना घेण्याचा आहे. खुबा जेवढा वळेल तेवढंच पाऊल वळवलं तर तोच प्लिए गुडघ्याला सांभाळतो.

पाचही पोझिशनचं नशीब सारखं निघालं नाही, हेही बोलकं आहे. तिसरी आज रंगमंचावर क्वचितच दिसते. पाय पाचवीसारखे पूर्ण ओलांडत नाहीत, म्हणून नवशिक्यांना ती पायरी म्हणून दिली जाते. पाचवी मात्र उड्या-गिरक्यांचा मुख्य तळ झाली, कारण दोन्ही पाय जवळजवळ एकाच जागी असल्याने कुठल्याही दिशेला निघता येतं. रशियन शिक्षिका व्हागानोव्हा यांच्या 1934 च्या पाठ्यपुस्तकाच्या परंपरेतही तांद्यू, म्हणजे पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणं, आधी पहिल्या पोझिशनमधून पक्का होतो, पाचवी नंतर येते. हातांच्या पोझिशन तर पद्धतीगणिक वेगळ्या, आकडेसुद्धा जुळत नाहीत. भार पायांवर असतो, हातांवर नसतो. एकमत पायांबाबतच झालं.

नर्तक आणि नृत्यरचनाकार सर्ज लिफार यांनी विसाव्या शतकात सहावी आणि सातवी पोझिशन मांडली. सहावी तेवढी वर्गात रुळली: पावलं समांतर, टाचा आणि बोटं दोन्ही जुळलेली. भार पहिल्या पोझिशनसारखाच दोन्ही पायांवर, फक्त खुबा वळलेला नाही. सरावाआधी अंग मोकळं करताना आज अनेक वर्गांत तीच घेतात.