अंगणातल्या कुत्र्याच्या छत्र्या

पाऊस दोन दिवस लागून राहिला की हिरवळीवर रातोरात पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. कुणी त्यांना भूछत्र म्हणतं, कुणी कुत्र्याच्या छत्र्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाने अंगणवाडीपुढची हिरवळ साफ करायला घेतली. छत्र्या उपटल्या, आठवड्यात पुन्हा हजर. बुरशीनाशक फवारलं, तरी आल्याच. शेवटी कुदळीने खणलं, तेव्हा वीतभर खाली पूर्वी तोडलेल्या गुलमोहराचं कुजकं मूळ निघालं. तेव्हा आम्हाला उमगलं की आम्ही नुसती फळं तोडत होतो.

हो, छत्री म्हणजे बुरशीचं फळच. आंबे उतरवले म्हणून झाड मरत नाही, तसंच हे. खरी बुरशी मातीत पांढऱ्या तंतूंचं जाळं करून असते. मेलेली मुळं, लाकूड, अर्धवट कुजलेलं शेण, पालापाचोळा हे तिचं अन्न. ओल आणि ऊब मिळाली की ती छत्री वर काढते. बहुतेक वेळा ती गवताचं नुकसान करत नाही. उलट कुजकं संपवून माती कसदार करते. फवारा मात्र त्या खोलवरच्या जाळ्यापर्यंत पोचत नाही. मुलांच्या खेळायच्या जागी औषध तेवढं पडतं.

मग काय करायचं? जुनी मुळं, लाकडाचे तुकडे खणून काढा आणि खड्डा चांगल्या मातीने भरा. साचणाऱ्या पाण्याला वाट करून द्या. कापलेलं गवत तिथेच ठेवू नका. ऊन अडवणाऱ्या फांद्या छाटा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. धिंगरी अळंबी पिकवणाऱ्या गटांनी वापरलेला पेंढा अंगणात टाकू नये, खड्ड्यात कुजवावा.

तोवर उगवलेल्या छत्र्या उमलण्याआधीच, हाताला प्लास्टिकची पिशवी लावून उपटा आणि झाकणाच्या कचऱ्यात टाका. त्याने बुरशी मरणार नाही, पण लहान मुलांच्या हाताला काही लागणार नाही. नंतर हात साबणाने धुवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंगणात उगवलेली छत्री कधीही खाऊ नका. शिजवताना लसूण किंवा चांदी काळी पडली नाही म्हणजे ती चांगली, ही समजूत चुकीची आहे. काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. काहींची लक्षणं सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. मध्ये पोट शांत झाल्यासारखं वाटतं आणि आत यकृत खराब होत असतं. म्हणून मुलाने छत्री तोंडात घातली, तर उलटीची वाट पाहू नका, घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

आज घरी गेल्यावर एक फेरी अंगणात मारा. छत्री दिसली तर उपटा, आणि तिच्याखाली काय कुजतंय तेही बघा.