शहर आपलेंसें कसें होतें?



शहरांत राहणाऱ्या माणसास शहराची निंदा करण्याची एक खोडच जडलेली असते. गर्दी, धूर, महागाई आणि शेजाऱ्याची शेजाऱ्यास नसलेली ओळख, हे चार विषय निघाले म्हणजे कोणत्याहि बैठकींत तास दीड तास सहज निघून जातो. या निंदेंत खोटें असें फारसें कांहीं नाहीं. परंतु एक प्रश्न उरतोच. मग इतकीं माणसें येथें राहतात तरी कां? केवळ पोटासाठीं राहतात, हें उत्तर अर्धेंच आहे. पोटाची सोय झाल्यावरहि, आणि नोकरीचीं वर्षें संपल्यावरहि, पुष्कळांचा पाय शहरांतून निघत नाहीं. त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

मी कोणी विद्वान् नव्हें. मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेडेगांवच्या शाळेंत ३६ वर्षें मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलें. सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षीं पत्नी निवर्तली आणि मुलानें मला मुंबईस आणलें. परळ भागांत एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर त्याचें बिऱ्हाड आहे. मुलगा आणि सूनबाई सकाळीं साडेआठ वाजतां बाहेर पडत, तीं रात्रीं आठाच्या पुढें परत येत. मधल्या वेळांत मी खिडकीशीं बसून खालून जाणाऱ्या लोकलगाड्या मोजीत असें. गांवीं वाटेंत भेटणारा प्रत्येक मनुष्य ‘गुरुजी’ म्हणून थांबे. येथें लिफ्टमध्यें चौघे असले तरी चौघेहि आपापल्या मोबाइलकडे पाहत. एके रात्रीं मीं सहज हिशेब केला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या दिवशीं माझ्या तोंडून सकाळपासून अवघीं सात वाक्यें निघालीं होतीं, आणि त्यांपैकीं दोन दूधवाल्याशीं होतीं. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

याचें कारण शोधूं लागलों तेव्हां असें दिसलें कीं, दोष शहराचा नव्हता, आणि सर्वस्वीं माझाहि नव्हता. खेडेगांवांत मनुष्यास त्याची जागा आयती मिळते. अमक्याचा मुलगा, तमक्या वाडीचा, शाळेचा मास्तर, एवढें पुरतें. नकोशी झाली तरी ती जागा सुटत नाहीं, ही तिची दुसरी बाजू. शहर अशी जागा कोणासहि देत नाहीं. मात्र मागणाऱ्यास तें सहसा नाकारीतहि नाहीं. मास्तरास शोभेल असें एक गणित मांडतों. समजा, हजारांत एकालाच आवडेल अशी एखादी गोष्ट आहे. जुनीं नाणीं म्हणा, ध्रुपद गायन म्हणा, किंवा पक्षी ओळखणें म्हणा. हजार वस्तीच्या गांवांत असा छंद असलेला मनुष्य जन्मभर एकटा. २०११ च्या जनगणनेंत मुंबईची लोकसंख्या सुमारें १ कोटी २४ लाख भरली होती. म्हणजे याच हिशेबानें येथें त्याचे सोबती १२ हजारांहून अधिक. हे सोबती त्याच्या दारीं चालून येणार नाहींत. ते कोठें जमतात तें त्यानेंच शोधावयाचें. शहराचें सुख म्हणून जें म्हणतात तें बहुतेक या शोधांतच आहे. त्या शोधाचे चार मार्ग मला सांपडले: सेवा, कला, अन्न आणि नवें काम.

सेवेचें नांव मीं पहिलें घेतलें तें पुण्यासाठीं नव्हे. परक्या ठिकाणीं माणसांत शिरण्याचा तो सर्वांत सरळ दरवाजा आहे, एवढेंच माझें म्हणणें. मुंबईस या कामाची परंपरा जुनी आहे. ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं येथें सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्तींत रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. लोअर परळचा जुना डिलाईल रोड आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. दिवसा राबून सायंकाळीं शिकणाऱ्यांसाठीं रात्रशाळा या शहरांत अजूनहि आहेत. अशाच एका शाळेच्या मुख्याध्यापकांस जाऊन भेटलों आणि म्हणालों, “आठवड्यांतून तीन दिवस, एक एक तास, गणित शिकवीन. मोबदला नको.” त्यांनीं माझ्याकडे क्षणभर पाहिलें आणि विचारलें, “किती दिवस?” हा प्रश्न त्यांनीं कां विचारला तें मला पुढें कळलें. उत्साहानें येणारे पुष्कळ असतात; पावसाळा लागला म्हणजे त्यांची संख्या रोडावते, आणि अर्ध्यावर सुटलेला वर्ग हा न घेतलेल्या वर्गाहून वाईट.

त्या वर्गांत माझ्या हातून एक चूक घडली, ती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. दहावीचा एक मुलगा मागच्या बाकावर रोज झोंपे. गांवच्या शाळेंतील सवयीनें मीं त्याला उठविलें, सर्वांदेखत म्हटलें, “झोंपायचं असेल तर घरीं झोंप,” आणि वर्गाबाहेर काढलें. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. त्यानंतरच्या वर्गासहि आला नाहीं. चौकशी केली तेव्हां त्याच्या बाकावरचा मित्र म्हणाला, “सर, तो हॉटेलांत कामाला आहे. पहाटे चारला उठतो. आणि त्याला घर नाहीं. तो हॉटेलच्याच बाकांवर झोंपतो.” मी तें हॉटेल शोधीत गेलों. त्यानेंच चहा आणून माझ्यापुढें ठेवला आणि मान खालीं घालून उभा राहिला. मी म्हणालों, “चूक माझी झाली. तूं उद्यां ये.” तो म्हणाला, “सर, मला उठवलंत तर चालेल. पण बाहेर काढूं नका. बाहेर काढलंत तर मग मी येत नाहीं.” तेव्हांपासून तो पेंगूं लागला कीं, मी त्याला फळ्याशीं बोलावून उदाहरण सोडवावयास लावीं, उभा असला म्हणजे तो जागा राही. त्या वर्षीं गणितांत ४१ गुण मिळवून तो उत्तीर्ण झाला. ३६ वर्षांच्या नोकरींत जें शिकलों नाहीं तें शहरांतील एका बाकानें मला शिकविलें. सेवा करणारा कांहीं देतो हें खरें; परंतु आपण काय जाणत नाहीं हेंहि त्याला तेथेंच समजतें.

दुसरा मार्ग कलेचा. येथें पुष्कळांची अशी समजूत असते कीं, नाटक, गायन, संग्रहालय हे सुखवस्तु लोकांचे विषय आहेत. मुंबईचा इतिहास तसें सांगत नाहीं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, आणि त्याच वर्षीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीहून येऊन मुंबईस आपलीं नाटकें केलीं. गाडी आणि मराठी नाटक या शहरांत एकाच सालीं आलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. १८९८ पासून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय वाचकांची सोय करीत आलें आहे. १९३५ सालीं मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत प्रायोगिक नाटकें होऊं लागलीं, तीं पाहावयास लोक दूरदूरच्या उपनगरांतून येत. शाळेच्या सभागृहांत रंगभूमीचा एक काळ घडावा, याचें मला मास्तर म्हणून विशेष वाटतें. मी स्वतः वरच्या सज्जांतील स्वस्त तिकीट काढतों आणि एकटाच जातों. मध्यंतरांत बटाटेवड्याच्या रांगेंत उभें राहिलें कीं, पुढचा गृहस्थ हटकून विचारतो, “पहिला अंक कसा वाटला?” लिफ्टमध्यें न बोलणारें शहर त्या रांगेंत बोलतें, कारण तेथें दोघांनीं एकच गोष्ट नुकतीच पाहिलेली असते.

संग्रहालयाविषयींहि एक सूचना करतों. आज छत्रपति शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय म्हणून प्रसिद्ध असलेल्या इमारतीची कोनशिला १९०५ सालीं बसली आणि १९२२ सालीं तें लोकांस खुलें झालें. मधल्या महायुद्धांत त्याच वास्तूंत लष्करी रुग्णालय होतें. असें ठिकाण एका दिवसांत पाहून संपविण्याचा हट्ट धरूं नये. एका खेपेस एकच दालन पाहावें, त्यांतील एकाच वस्तूपुढें दहा मिनिटें थांबावें. सर्व पाहणारा थकतो. थोडें पाहणारा पुन्हां येतो.

तिसरा मार्ग अन्नाचा, आणि तो सर्वांस आवडणारा. परंतु जिभेबरोबर थोडी जिज्ञासाहि नेली तर एकेक पदार्थ हा कोण कोठून आला याचा दाखला ठरतो. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला आणि मुंबईच्या भट्ट्यांत तो भाजला पुष्कळसा गोव्याहून आलेल्या हातांनीं. त्याच पावांत बटाटेवडा घालून १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनीं विकावयास आरंभ केला, असें सर्वत्र सांगतात. माटुंग्यास रामा नायक यांचें उडुपी भोजनगृह १९४२ पासून केळीच्या पानावर जेवूं घालीत आलें आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं घरचा डबा कचेरींत पोंचविण्याची जी व्यवस्था बसविली तिचें मूळहि हेंच: प्रत्येकाच्या घरची चव निराळी आणि ती कामाच्या जागींहि हवी.

मी राहतों त्या परळांत तर अन्नाचा इतिहास म्हणजेच माणसांचा इतिहास आहे. कोंकणांतून व घाटावरून आलेले गिरणीकामगार कुटुंब गांवीं ठेवून येत आणि शेजारच्या बायकांच्या खाणावळींत महिनेवारीनें जेवत. या खाणावळवाल्या स्त्रियांना सावकाराच्या पाशांतून सोडविण्यासाठीं प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि जेवणारे गेल्यावर चुलीहि थंडावल्या. माझ्या मुलाची इमारत अशाच एका गिरणीच्या जागेवर उभी आहे. हें कळल्यापासून परळच्या कोणत्याहि खाणावळींत बसलों कीं, ताटांतील आमटीची चव मला निराळी लागते.

चवथा मार्ग नव्या कामाचा. साठी उलटल्यावर नवें काम शिकूं नये असा कोठें नियम नाहीं. वयाच्या ६३ व्या वर्षीं मी एका लहानशा प्रकाशनसंस्थेंत मुद्रितशोधनाचें काम शिकावयास गेलों. माझी शिक्षिका २६ वर्षांची होती. मला वाटलें होतें, जन्मभर वह्या तपासल्या, यांत शिकावयाचें तें काय? पहिलीं दहा पानें मीं मोठ्या ऐटीनें तपासून दिलीं. तीं परत करतांना ती म्हणाली, “सर, तुम्ही मुद्रितं तपासत नाहीं आहांत, लेखकाचा निबंध तपासतां आहांत. त्यांचं वाक्य तुम्हांला आवडलं नाहीं, तरी तें त्यांचं आहे.” मग तिनें मला या कामाची रीत सांगितली. मजकूर मूळ प्रतीशीं ताडून पाहावा. एका वाचनांत एकाच प्रकारची चूक शोधावी. अक्षरें एकदां, आंकडे व सनावळ्या दुसऱ्यांदां, मथळे आणि पृष्ठांक तिसऱ्यांदां. आणि शंका आली तर दुरुस्ती न करितां प्रश्नचिन्ह घालावें. हा शेवटचा नियम मला सर्वांत जड गेला. आतां दर पानामागें थोडे पैसे मिळतात. रक्कम लहान आहे, परंतु नाटकाचें तिकीट मी त्यांतूनच काढतों.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, मास्तर, ज्यास पेन्शन आहे आणि डोक्यावर छप्पर आहे त्याच्या या गोष्टी. पहाटे चारला उठणाऱ्यानें नाटक कधीं पाहावें? आक्षेप खरा आहे, आणि तो मला त्या हॉटेलांतील बाकांवरून कळलेला आहे. शहरांतील फुरसत ही कोणास आपोआप मिळालेली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांची संघटना उभारून साप्ताहिक सुटीची मागणी केली, आणि ती पदरांत पडावयास १८९० साल उजाडलें. आपण सहज उपभोगतों तो रविवार मागून मिळविलेला आहे. म्हणूनच ज्यास फुरसत आहे त्यानें तींतील एक तास, ज्यास ती नाहीं त्याच्यासाठीं काढावा, एवढें तरी न्यायाचें आहे. माझ्या चार मार्गांत सेवेस पहिलें स्थान आहे तें याहि कारणानें.

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठीं तीन लहान नियम सांगतों. पहिला, वेळ थोडा द्यावा पण ठरलेला द्यावा. आठवड्याचा एक तास वर्षभर दिला तर तो महिन्याच्या उत्साहाहून मोठा ठरतो. दुसरा, एकाच ठिकाणीं वारंवार जावें. दहा ठिकाणीं एकदां जाणारा सर्वत्र पाहुणा राहतो, एका ठिकाणीं दहादां जाणारा ओळखीचा होतो. तिसरा, घरांतील वडील माणसांस शहरांत आणलें असेल तर त्यांच्या औषधांबरोबर त्यांच्या वेळेचीहि काळजी करावी. त्यांना करमणूक पुरविली म्हणजे झालें असें नव्हे. त्यांच्यावांचून अडेल असें कांहीं काम त्यांना हवें असतें.

गेल्या आठवड्यांत रात्रशाळेंतून परत येतांना परळच्या पुलाखालीं मागून कोणीतरी हांक मारली, “सर, थांबा!” वर्गांतील दोघी मुली होत्या, कामावरून थेट शाळेंत आल्या होत्या आणि एक उदाहरण सुटलें नव्हतें. दिव्याच्या खांबाखालीं वही धरून आम्हीं तें सोडविलें. घरीं पोंचावयास उशीर झाला. सूनबाईनें दार उघडून विचारलें, “बाबा, इतका वेळ कुठं होतांत?” मी म्हणालों, “रस्त्यांत ओळखीचीं माणसें भेटलीं.” त्या दिवशींचीं वाक्यें मीं मोजलीं नाहींत.