पाच ताऱ्यांची साक्ष

बाजारास निघालेला मनुष्य दोन गोष्टी बरोबर नेत असतो, एक पैसा आणि दुसरा विश्वास. पैशाची पिशवी तो जपून धरतो. विश्वास मात्र पुष्कळदा उघड्या तळहातावर ठेवून हिंडतो. पूर्वी हे फारसे बाधत नसे. बेळगावच्या खडे बाजारात भांडी घ्यावयास जाण्यापूर्वी शेजारीण सांगे, "अमक्याकडचे पितळ जाड असते, तमक्याच्या तराजूचा भरवसा नाही." ह्या शिफारशीतून शेजारणीला कवडीचाही लाभ नसे, आणि तिचे सांगणे खोटे ठरले तर दुसऱ्या दिवशी नळावर तिलाच तोंड दाखवावे लागे. साक्षीदार ओळखीचा, निःस्वार्थी आणि जबाबदार असे. तिच्या शब्दाचे सारे मोल ह्या तीन गुणांत होते.

तोंडी शिफारशीचे हे सामर्थ्य विद्वानांनीही तपासून पाहिले आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डिकेटर नावाचे शहर आहे. तेथील सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला एक ग्रंथ एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड ह्या समाजशास्त्रज्ञांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. घरातील नित्याच्या वस्तू निवडताना रेडिओ व वर्तमानपत्रांतील जाहिरातींपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द अधिक प्रभावी ठरतो, असे त्यांना आढळून आले.

आज बाजार हातातल्या मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. गृहिणीला प्रेशर कुकर हवा असेल, तर ती प्रथम शोधयंत्राला विचारते आणि मग वस्तूखालचे तारे मोजते. ह्या दोन्ही गोष्टी आपल्या नव्या शेजारणीच होत. त्यांच्या अंगी जुन्या शेजारणीचे ते तीन गुण आहेत काय, हा खरा प्रश्न आहे.

शोधयंत्राचे मूळ पाहिले तर ते शिफारशीतच सापडते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन ह्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गुगलची स्थापना केली. त्यांची मूळ कल्पना साधी होती. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला म्हणजे त्याने त्याची शिफारसच केली. आणि शिफारस करणारा जितका मान्यवर, तितके तिचे वजन अधिक. गावातील चार प्रतिष्ठित माणसांनी ज्याचे नाव घेतले त्याला पहिला पाट मिळावा, तसाच हा प्रकार होता. परंतु २००० साली ह्याच पानावर जाहिरातींच्या जागा विकण्यास आरंभ झाला. आता यादीच्या शिरोभागी दिसणारी वस्तू कित्येकदा गुणांमुळे तेथे नसते. तिच्या विक्रेत्याने त्या जागेचे मोल भरलेले असते. "प्रायोजित" हा बारीक अक्षरांतील शब्द तेवढे सत्य सांगतो, आणि घाईतली नजर नेमकी त्यावरूनच घसरते. खरेदीच्या मोठ्या संकेतस्थळांवरही हीच रीत आहे.

यादीतील क्रम म्हणजे केवढी सत्ता आहे, हे न्यायासनांपुढेही आले आहे. खरेदीच्या शोधात स्वतःच्याच तुलनासेवेला झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने २०१७ साली गुगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. युरोपीय न्यायालयाने तो २०२४ साली कायम केला. भारताच्या स्पर्धा आयोगानेही शोधातील पक्षपाताबद्दल २०१८ साली ह्याच कंपनीला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

आता ताऱ्यांकडे वळू. तारे हे शेजारणीच्या शब्दाचेच नवे रूप होय. पण येथे साक्षीदाराचा चेहरा दिसत नाही. काही विक्रेते पार्सलमध्ये चिठ्ठी ठेवतात, "पाच तारे द्या आणि पैसे परत मिळवा." काहींनी तर न वापरलेल्या वस्तूंची स्तुती लिहिण्यासाठी माणसे ठेवलेली असतात. भारतात २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक आणले. मात्र ते ऐच्छिक स्वरूपाचे होते.

शिवाय प्रामाणिक तारेसुद्धा सारे काही सांगत नाहीत. कुकरचा रंग आवडला, माल वेळेवर पोचला, एवढ्यावर पाच तारे मिळतात. त्याची सुरक्षा झडप दाबाखाली टिकेल की नाही, हे तारे देणाऱ्याला कोठून कळणार? घरगुती कुकरवर मानक चिन्ह असणे २०२० च्या सरकारी आदेशाने बंधनकारक केले. तरीही मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२२ साली बड्या ऑनलाइन बाजारपेठांविरुद्ध आदेश काढावे लागले. स्वयंपाकघरात ज्याच्याजवळ मुले बागडतात, त्या भांड्याची ही गोष्ट आहे.

म्हणून काही साधे नियम पाळावेत. "प्रायोजित" शब्द आधी शोधावा. केवळ पाच ताऱ्यांचे अभिप्राय न वाचता दोन-तीन ताऱ्यांचेही वाचावेत; गुण आणि दोष दोन्ही सांगणारा साक्षीदार बहुधा खरा असतो. संकेतस्थळ मोठे असले तरी प्रत्यक्ष विक्रेता कोण, हे पाहावे. आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या "बीआयएस केअर" ॲपवर पडताळता येतो. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधयंत्रातून न घेता खोक्यावरून किंवा पावतीवरून घ्यावा, कारण ठक आपले क्रमांक तेथे पेरून ठेवतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी १९१५ आहे. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० वर कळवावे.

येथवर आपण फसू नये म्हणून काय करावे ते पाहिले. पण आपणही आता साक्षीदार झालो आहोत, हे कसे विसरता येईल? परमधर्मपीठाच्या सामाजिक संपर्कमाध्यम परिषदेने १९९७ साली जाहिरातीतील नीतीविषयी एक पत्रक प्रसिद्ध केले. सत्य, मानवाची प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी ही तीन तत्त्वे त्यात घालून दिली आहेत. ती व्यापाऱ्यांइतकीच आपल्या अंगठ्यालाही लागू आहेत. पन्नास रुपयांच्या लोभाने दिलेले पाच तारे ही आठव्या आज्ञेची पायमल्ली आहे. रागाच्या भरात दिलेला खोटा एक तारा हीसुद्धा तीच. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी २०११ साली सिअॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. सरासरीत एक तारा वाढला की तेथील उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढे. तेव्हा आपल्या खोट्या ताऱ्याने एखाद्या खानावळवाल्याच्या लेकरांच्या ताटातली भाकर कमी होऊ शकते. मोबाइलवर आलेली "अमक्याचा माल घेऊ नका" ही वार्ता खातरजमा न करता पुढे धाडणेही त्याच पंक्तीतले.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्री आठवा. विहिरीपाशी प्रभू भेटल्यावर घागर तेथेच टाकून ती गावात धावली, आणि जे अनुभवले तेच तिने सांगितले, पदरचे काही घातले नाही. गावकरीही तिच्या शब्दावर थांबले नाहीत. ते स्वतः प्रभूकडे आले, त्याला दोन दिवस आपल्याकडे ठेवून घेतले आणि स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर आपला विश्वास पक्का केला. सांगणारीने सत्य सांगितले, ऐकणाऱ्यांनी पडताळून पाहिले. ह्याहून अधिक शहाणपण बाजारालाही नको आहे. पुढच्या खेपेस तारा देण्यासाठी बोट उचलाल, तेव्हा आपण साक्षीच्या पिंजऱ्यात उभे आहोत एवढे ध्यानी असू द्या.